दोन बोटं काळं कापड

माथुसोने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि माम्पोईच्या अंगावर चढवलेल्या काळ्या झग्याला बगलेपासून कमरेपर्यंत लावत नेल्या.

"श्वास सोड," ती दातांतून म्हणाली.

"सोडलाय."

"मग एवढी फुगलीयेस कशाने? सरकारी भत्त्याने?"

भिंतीशी बसलेल्या दोघी बायका हसल्या आणि मग, हसायचे दिवस नाहीत हे आठवून, दोघींनी घोंगड्यात तोंडं घातली. माम्पोईच्या नवऱ्याला, सेखोन्यानाला, पुरून पाच दिवस झाले होते. माथुसो त्याची थोरली बहीण. गावातल्या कुठल्याही मयताला कापड तीच बेतायची, त्यामुळे भावाचं दुःखसुद्धा तिने आधी कात्रीने कापायला घेतलं होतं.

"वन्सं," माम्पोई म्हणाली, "मला हे नको."

"लांबीला जास्त होतंय का? वर घेते."

"झगाच नको म्हणतेय मी. बाहीवर पट्टी लावीन. दोन बोटं. गणवेशावर."

माथुसोच्या तोंडात अजून तीन टाचण्या होत्या, म्हणून तिला लगेच बोलता आलं नाही. तिने त्या काढल्या, उशीत खोचल्या, आणि सावकाश उठून उभी राहिली.

"पट्टी," ती म्हणाली. "माझ्या भावाला पट्टी."

काळ्या झग्यातल्या बाईने वर्षभर काय काय करायचं नाही, हे माम्पोईला कुणी सांगायची गरज नव्हती. कुणाच्या हातात हात द्यायचा नाही. मोठ्याने बोलायचं नाही. सूर्य बुडायच्या आत घरात. आणि गुरांच्या वाडग्यात पाऊल टाकायचं नाही, कारण तिच्या अंगावर सेफिफी असतो, मेलेल्या माणसाचा काळोख. तो गाभण गाईवर पडला की वासरू टिकत नाही. लेसोथोच्या त्या डोंगरात शेंबडं पोरही हे जाणतं. माम्पोईचं तर कामच गुरांच्या वाडग्यात शिरण्याचं होतं. सोळा वर्षं ती पोलिसांच्या पशुचोरी पथकात होती. आणि सोमवारी तिला थाबा-खुबेदूच्या चौकीवर प्रमुख म्हणून हजर व्हायचं होतं. तिथे आजवर बाई कधी प्रमुख झाली नव्हती. सोमवारी ती गेली नाही, तर यादीतलं पुढचं नाव सार्जंट लेबुसाचं होतं.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा सेखोन्याना अजून उठून बसत होता. खाणीतली धूळ वीस वर्षं त्याच्या छातीत होती, आता ती छातीच मागत होती. पत्र वाचून त्याने चहात दोन चमचे साखर जास्त घालायला लावली होती. बस, एवढंच. आनंद झाला असं तो कधी तोंडाने म्हणायचा नाही.

* * *

दुपारी घरातली मोठी माणसं बाहेर उन्हात बसली. चुलतसासरे रामोखेले, सगळ्यांचे न्ताते, म्हणजे बाबा, मधोमध, गुडघ्यांवर काठी आडवी. माम्पोईची सासू, जिला सगळं घर न्खोनो, म्हणजे आजी, म्हणायचं, ती दाराच्या उंबऱ्यावर. माथुसो काळं कापड मांडीवर घेऊनच आली होती.

"बोल," रामोखेले म्हणाले.

"लेबुसा म्हणून आमच्यात एक आहे," माम्पोई म्हणाली. "त्याची बायको गेली, चार वर्षं झाली. त्याने बाहीवर दोन बोटं पट्टी लावली आणि चौथ्या दिवशी तो वाडग्यात होता. कुणाचं वासरू पडलं नाही. कुणी त्याला विचारलंही नाही."

"तो पुरुष आहे."

"हो, तेवढं मला दिसतं."

"पुरुषाच्या अंगावरून मरण घसरून जातं, पोरी. बाईच्या अंगाला चिकटतं. हा नियम मी नाही केलेला."

"मग कुणी केला?"

"ज्यांनी केला ते गेले."

"आणि त्यांच्या बायकांना विचारलं होतं का कुणी?"

रामोखेलेंच्या मागे बसलेला एक म्हातारा खोकल्यासारखं काहीतरी करून हसला. रामोखेलेंनी काठी फिरवून दुसऱ्या बाजूने धरली.

"तू गणवेश घालतेस ते आम्ही बोललो कधी?" ते म्हणाले. "सोळा वर्षं बोललो का? घोड्यावर बसतेस, रात्री-बेरात्री पुरुषांबरोबर डोंगरात जातेस. लोक विचारायचे, तुमच्या सुनेला घर नाही का. आम्ही म्हणायचो, आहे, आमच्या पोराने सांभाळलंय. एक वर्ष मागतोय. एकच."

"वर्षाने चौकी उरायची नाही, न्ताते."

"चौकी कुठे पळून जातेय?" माथुसो म्हणाली. "पळून गेला तो माझा भाऊ. शेवटच्या दिवशी सकाळपासून तुझं नाव घेत होता, आणि तू डोंगरात बैल शोधत होतीस."

बैल नव्हते, मेंढ्या होत्या. एकशे सहा. मेंढ्या सापडल्या होत्या, हे सांगूनही काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात न्खोनोने हात पुढे केला. "कात्री दे," ती माथुसोला म्हणाली.

"कशाला?"

"आईने कात्री मागितली तर द्यायची असते."

माथुसोने दिली. न्खोनोने झग्याचा काठ मांडीवर ओढला, दोन बोटं ठेवून माप घेतलं आणि कच्च्या शिवणीच्या बाहेरची एक पट्टी कापून काढली. कात्री सरळ चालली नाही, पट्टी एका टोकाला रुंद झाली, एका टोकाला निमुळती.

"हे तिला," ती म्हणाली. "उरलेलं मला."

"आई, तुला मुलासाठी डोक्याला रुमाल पुरतो."

"घरातलं माणूस गेलंय. वर्षभर कुणीतरी उजेड असताना घरात यायला हवं, गप्प बसायला हवं. मी तशीही बसतेच. गुडघे धरलेत माझे."

"ह्या झग्यात तुझ्यासारख्या दोघी मावतील."

"मग दुमडून शीव."

रामोखेलेंनी काठी उचलून जमिनीवर टेकवली. "हे असं कधी झालेलं नाही," ते म्हणाले. त्यात नकारही नव्हता आणि होकारही नव्हता. न्खोनोने तो होकार धरला.

माम्पोई तिच्याजवळ जाऊन बसली तेव्हा म्हातारी हळूच म्हणाली, "ते पत्र त्याने मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी खोकल्याने अर्धंच झालं." मग जरा थांबून, "तू माझ्या पाया-बिया पडू नकोस. लोक बघतायत."

* * *

सोमवारी पहाटे तिने इस्त्रीत निखारे भरले. सोळा वर्षांत गणवेशाला इस्त्री तिने क्वचितच केली होती. ते सेखोन्यानाचं काम होतं. खाणीतून परत आल्यावर त्याने ते स्वतःहून घेतलं, आणि बाहीची घडी अशी पाडायचा की तिच्यावर बोट ठेवलं तर कापेल. तिच्याकडून डाव्या बाहीला दोन घड्या पडल्या, एकीशेजारी एक. ती पुन्हा करायला गेली, तर तिसरी पडली. मग तिने तिथेच, घड्यांवरूनच, पट्टी शिवली.

चौकीवर पाच माणसं आणि सहा घोडे रांगेत उभे होते. लेबुसाने किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. उंच, खांद्यात वाकलेला माणूस. माग काढण्यात त्याचा हात धरणारं डोंगरात कुणी नव्हतं आणि हे त्याला ठाऊक होतं. त्याने तिच्या बाहीकडे पाहिलं आणि लगेच घोड्यांकडे पाहिलं.

"एक विचारायचंय," थेको नावाचा जुना हवालदार म्हणाला. "आजपर्यंत आम्ही प्रमुखांना न्ताते म्हणत आलो. आता म्मे म्हणायचं, की सर, की काय?"

"बोलावल्यावर आलात म्हणजे झालं. मग काहीही म्हणा."

"मग म्मेच म्हणतो. आईच्या शिव्यांची सवय आहे."

बाकीचे हसले. लेबुसा हसला नाही. दुःखात आहात, बरं वाटेल, असं काहीतरी म्हणण्याची पद्धत असते. तेही तो म्हणाला नाही. ती ही जागा घेईल असं त्याला वाटलं नसणार, माम्पोईने मनाशी ठरवलं, आणि ती कामाला लागली.

गुरुवारी खालच्या खोऱ्यातल्या एका शाळामास्तरची चौदा गुरं गेली. लेबुसाने दीड दिवस माग काढला. माग खाबेले नावाच्या म्हाताऱ्याच्या वाडग्यापाशी संपला. उघड्या उतारावर रचलेला दगडांचा गोल, तोंडाशी लाकडाचा आडणा, आत चाळीसेक गुरं एकमेकांना चिकटून उभी. खाबेले आडण्यापुढे बसला होता, घोंगडं नाकापर्यंत ओढून. उतारावर चार-पाच गुराखी काठ्या टेकून मजा बघायला थांबले होते.

"आत जायचंय, न्ताते," माम्पोई म्हणाली.

खाबेलेने तिच्या बाहीकडे बोट केलं. "कोण गेलं?"

"नवरा."

"कधी?"

"पुरून बारा दिवस झाले."

"तुमच्या दुःखाला माझा मान आहे, म्मे." तो उठला नाही. "पण ते भिंतीच्या अलीकडेच ठेवा. माझ्या सात गाई गाभण आहेत."

"बाकीची तेहेतीस बाहेर काढा मग. बैलांना काय झालंय?"

"बैल घाबरट आहेत." गुराखी हसले. खाबेलेने त्यांना हसू दिलं आणि मग आवाज खाली आणला. "मी थट्टा करत नाही. तुम्हीही इथल्याच आहात. ह्या माणसांना पाठवा ना आत. ह्या लेबुसाला पाठवा, मी कुठे नाही म्हणतोय."

त्याचं घाबरणं खरं होतं की सोयीचं, हे माम्पोईला कळेना. कदाचित दोन्ही. एक मात्र त्यालाही ठाऊक असणार. मालकाने तापल्या लोखंडाने मारलेल्या जुन्या डागावर केस उलटे उगवतात, चोराने वरून काजळीने नवी खूण काढली तरी. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं. लहानपणी गुरं राखणाऱ्या सेखोन्यानाने लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, शेजाऱ्याच्या गाईच्या पुठ्ठ्यावर तिचा हात धरून ते तिला शिकवलं होतं. ह्या पट्ट्यात ते बोटांनी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि समजा तिने लेबुसाला आत पाठवलं, तर उतारावरचे ते गुराखी संध्याकाळपर्यंत चार खोऱ्यांत सांगतील की थाबा-खुबेदूची नवी प्रमुख वाडग्याबाहेर उभी राहते. मग प्रत्येक वाडग्यात सात गाई गाभण असतील. वर्षभर.

ती हुकूम देऊ शकत होती. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात लेबुसा घोड्यावरून उतरला.

झालं, तिला वाटलं. हा आत जाणार.

लेबुसा आडण्यापाशी जाऊन उभा राहिला. "न्ताते खाबेले, चार वर्षांपूर्वी मी ह्याच वाडग्यात आलो होतो. कबऱ्या बैलांची जोडी शोधत."

"आला असशील. पोलिस काय, येतच असतात."

"माझ्या बाहीवर हेच होतं. बायकोला पुरून चौथा दिवस. आडणा तुम्हीच काढलात. वर गाढवाचा विनोद सांगितलात."

"मला नाही आठवत."

"नसेलच आठवत," लेबुसा म्हणाला. "तेव्हा किती गाभण होत्या?"

खाबेले लेबुसाच्या पट्टी नसलेल्या बाहीकडे बघत होता, तिथे काहीतरी शोधल्यासारखा. वाऱ्याने त्याचं घोंगडं नाकावरून खाली आलं, तेव्हा दिसलं की तो नुसता एक म्हातारा माणूस होता, थंडीने डोळ्यांतून पाणी येणारा. मग तो उठला आणि त्याने आडणा ओढला.

"वासरू पडलं तर?" तो म्हणाला.

"तर अर्ज करा," लेबुसा म्हणाला. "चौकीप्रमुखांकडे."

माम्पोई आत गेली. गुरं जरा सरकली आणि थांबली. पहिली गाय पोटाने जड होती. तिने मान वळवून माम्पोईकडे पाहिलं. त्या गाईच्या पाठीवर हात टेकवताना माम्पोईचा हात मधेच थांबला. तीही ह्याच डोंगरात वाढली होती. तिच्या आईने, आजीने, सगळ्यांनी सांगितलेलं तिच्या हातातही होतं, कितीही सरकारी कागद आले तरी. मग तिने हात टेकवला. कातडी गरम होती. बोटं पुठ्ठ्यावरून खाली गेली आणि केस उलटे लागले.

"खाली चौकोन," ती मोठ्याने म्हणाली. "वर फुली नंतरची. लिहा."

बाहेर लेबुसा लिहीत गेला. दुपार कलेपर्यंत चौदा झाली. गुरं खाबेलेच्या जावयाने आणली होती, हेही कळलं; जावई आदल्या रात्रीच पसार झाला होता. म्हातारा ते कळल्यावर तिथेच दगडावर बसून राहिला.

* * *

परतताना गुरं पुढे होती आणि दोघांचे घोडे मागे, शेजारी शेजारी.

"लेबुसा," माम्पोई म्हणाली, "आज तुम्ही जे बोललात—"

"तुमच्यासाठी नाही बोललो, म्मे."

तिने घोडा जरा हळू केला.

"त्या दिवशी त्याने आडणा काढला ना," लेबुसा घोड्याच्या कानांकडे बघत म्हणाला, "त्याच्या आधी एक क्षण तो थांबला होता. मला वाटलं, अडवतोय. म्हणेल, जा बाबा, तुझ्या घरचं माणूस गेलंय, तू इथे काय करतोयस? मी त्याची वाटच बघत होतो. तर त्याने गाढवाचा विनोद सांगितला." त्याने लगाम दुसऱ्या हातात घेतला. "आणि मी हसलो, म्मे. विनोद चांगला होता."

एक बैल वाट सोडून खाली उतरायला लागला. लेबुसाने शीळ घातली, बैल वळला.

"तुमच्या बायकोचं नाव काय होतं?" माम्पोईने विचारलं.

"लिमाकात्सो," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, नीट म्हटलं गेलं का ते बघितल्यासारखं, "लिमाकात्सो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलाशी बसली होती तेव्हा तो आत आला आणि त्याने एक कागद तिच्यापुढे ठेवला. रजेचा अर्ज. दिवस: चौदा. कारण: पत्नीचे निधन. त्याखाली निधनाची तारीख, चार वर्षांपूर्वीची, त्याच्या ठसठशीत अक्षरात.

माम्पोईने तो दोनदा वाचला. लेबुसा भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होता.

"नियमात बसत नसेल तर राहू दे," तो म्हणाला. "तेव्हा मागणार होतो. मग आधीचे प्रमुख म्हणाले, पुरुषाला काम हेच औषध. थेको वगैरे बाहेर उभे होते. मी म्हटलं, बरं."

"नियमात 'निधनानंतर' असं आहे," ती म्हणाली. "किती नंतर, ते लिहिलेलं नाही."

चौकीप्रमुख म्हणून केलेली तिची ती पहिली सही होती. शिक्का मारताना शाई जरा पसरली.

"कुठे जाणार?"

"कुठे नाही. तिच्या आईकडे जाईन म्हणतो. म्हातारी अजून आहे. गेलोच नाही मी कधी." त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि दाराशी जाऊन थांबला. "त्या खणात कोरे अर्ज आहेत, म्मे. वरच्या."

"मी गेले तर चौकी कोण बघणार? पुढचं नाव तुमचं, आणि तुम्ही तर रजेवर."

लेबुसाने मान हलवली. ती ज्या जागेसाठी भांडली होती तिच्यात ती बसली होती. थोड्या वेळाने तो घोंगडं खांद्यावर टाकून पायवाटेने खाली उतरताना खिडकीतून दिसला. घोडा त्याने नेला नाही.

ती उठून मागच्या कोंडवाड्याकडे गेली. थेको फाटकाशी उभा होता.

"मास्तर येतील इतक्यात गुरं न्यायला," तो म्हणाला. "पंचनामा तयार आहे."

"बघून येते."

आत गुरांच्या श्वासाची वाफ धरली होती. ती त्यांच्यामधून वाट काढत पार मागच्या भिंतीपर्यंत गेली, जिथे एक मोठा तांबडा बैल आडवा उभा होता. तिने त्याच्या पुठ्ठ्यावर तळवा ठेवला. त्याचा डाग कालच वाचून झाला होता. तरी बोटं खाली सरकत गेली, केस उलटे लागले तिथे थांबली, आणि त्या बोटांवर दुसरा एक हात, खडबडीत, खाणीतला, काही क्षण नुसता ठेवलेला असावा तशी ती उभी राहिली. मग तिने कपाळ बैलाच्या कुशीला टेकलं. बैल हलला नाही.

"म्मे?" थेकोचा आवाज आला. "आत काय चाललंय?"

"मोजतेय."

"चौदाच आहेत. आत्ताच मोजली मी."

"परत मोजतेय."

फाटकाची कडी वाजली, पण फाटक उघडलं नाही. बाहेर पावलं आली, कुणीतरी धापा टाकत नमस्कार केला. शाळामास्तर.

"थांबा, मास्तर," थेको म्हणाला. "प्रमुख आत आहेत. मोजणी चाललीय."

"चौदा गुरांची?"

"चौदा गुरांची," थेको म्हणाला. "बसा त्या दगडावर. वेळ लागेल."